तळं फुटलं नाही, ताई

ताई, तुमच्या जाण्याची प्रेसनोट मीच लिहिली. दुसरं कोण लिहिणार होतं? साहेबांनी ती लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवली. 'मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष' हे शब्द त्यांनी वरून घातले, आणि ज्या एका ओळीसाठी मी सकाळपासून बसलो होतो ती ओळ काढून टाकली. कन्नड तालुक्यातल्या एका गावात तळ्याची पाळ खचत होती तेव्हा तुम्ही स्वतः तिथं जाऊन लोकांना वेळेत बाहेर काढलं, एवढंच मी लिहिलं होतं.

मी केबिनमध्ये गेलो. हे साहेब नवे, तुमची त्यांच्याशी कधी गाठ पडली नाही. त्यांचा त्या प्रकरणाशी संबंध नाही, त्यांनी नुसती फाईल वाचली आहे. ते म्हणाले, "विष्णू, तो विषय वादग्रस्त आहे. गेलेल्या माणसाला कशाला वादात ओढायचं?"

"वादात ओढलं कुणी होतं, साहेब?" मी म्हणालो.

त्यांनी मान वर न करता कागद माझ्याकडं सरकवला. मी तो घेऊन खाली आलो आणि साहेबांच्या शब्दांसकट सगळ्या पेपरांना पाठवला. म्हणून शहरातल्या लोकांनी परवा वाचलं की तुम्ही मनमिळाऊ होता.

मनमिळाऊ! अख्ख्या ऑफिसात तुमचं कुणाशी पटत नव्हतं. माझ्याशीसुद्धा रोज एकदा वाजायचं. तुम्ही हे वाचलं असतं तर कागदाचा बोळा करून माझ्या टेबलावर फेकला असता आणि म्हणाला असता, "विष्णू, हे कुणाबद्दल लिहिलंय? नाव चुकलं वाटतं."

आपलं काम नेमकं काय, ते मला घरीही कधी नीट सांगता आलं नाही. पूर आला, पाणी बिघडलं, कुठं काही फुटलं किंवा पेटलं, तर सरकारच्या वतीनं लोकांना काय सांगायचं ते ठरवायचं आणि सांगायचं. तुम्ही त्या कक्षाच्या प्रमुख आणि मी तुमचा सहायक. पाचोडला माझ्या आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी दवंडी पिटायची नोकरी लागली व्हय." मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसत हसत म्हणालात, "बरोबर बोलली तुझी आई. फक्त दवंडीवाला पिटायच्या आधी सही घ्यायला जात नव्हता."

तेव्हापासून तुम्ही मला प्रत्येक प्रेसनोट आईला फोनवर वाचून दाखवायला लावायचात. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून वाचायचो आणि तुम्ही कान देऊन ऐकत बसायच्या. आईचं बहुतेक वेळा एकच उत्तर यायचं, "समजलं बाबा. पण मी आता करू काय?" तुम्ही टाळी वाजवायच्या. "बघ! तिनं काय करायचं तेच आपण लिहिलेलं नाही."

पहिला वाद आठवतो? मी नवा होतो. उन्हाळ्यात एका वस्तीच्या पाण्याला वास येत होता. मी नोट लिहिली आणि शेवटी नेहमीचं वाक्य घातलं, की नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तुम्ही विचारलंत, "कोण घाबरलंय?"

"अजून कुणी नाही, मॅडम."

"मग कशाला त्यांना सांगतो घाबरू नका म्हणून? पाणी उकळून प्या, एवढंच लिही. लोक घाबरत नाहीत रे. घाबरतो आपण. आपल्याला वाटतं खरं सांगितलं की लोक सैरावैरा पळतील. ते फक्त विचारतात, कुठं जायचं. त्याचं उत्तर आपल्याकडं नसतं, म्हणून आपण घाबरतो."

मला ते पटलं नव्हतं. मी वाद घातला. खात्री नसताना बोललो आणि खोटं ठरलो तर पुढच्या वेळी आपलं कोण ऐकणार, असं माझं म्हणणं होतं. तुमचं म्हणणं, खात्री होईपर्यंत गप्प बसलो तर तोवर दुसरं कुणीतरी बोललेलं असतं. हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. ऑफिसात मी तुम्हाला मॅडम म्हणायचो, गाडीत बसलो की ताई. आणि गाडीत वाद जास्त रंगायचा, कारण तिथं तुमचा आवाज मोकळा सुटायचा. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, तुमच्या भावाची आडत. लहानपणी लिलाव ऐकून ऐकून तुमचा आवाज तसा झाला, असं तुम्हीच सांगायच्या. आपला ड्रायव्हर युसूफभाई म्हणायचा, "मॅडम, हॉर्न की जरूरत नै अपनी गाडी को."

मग तो दिवस आला.

पावसाळा सरत आला होता, आणि जाता जाता त्यानं घाटाकडं दोन-तीन दिवस झोड उठवली होती. दुपारी जेवणाचा डबा उघडला तोच तुमच्या फोनवर व्हिडिओ आला. कन्नड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं आहे. गावाच्या वर पाझर तलाव. व्हिडिओत त्या तलावाच्या मातीच्या पाळीच्या बुडातून पाणी येत होतं. मला ते फार वाटलं नाही, शेतातल्या पाटाएवढं असेल. तुम्ही ज्यानं पाठवला त्याला लगेच फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी नितळ आहे का गढूळ?"

"गढूळ हाय, मॅडम. चहावानी."

तुम्ही डबा झाकला. गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या आतली माती वाहून चालली आहे, हे तुम्ही मला जिना चढता चढता सांगितलंत.

तेव्हाच्या साहेबांच्या केबिनबाहेर आपल्याला थांबावं लागलं. आत गेलो तेव्हा नोट तयार होती. तलाव सुरक्षित असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. तुम्ही विचारलंत, "सुरक्षित हा शब्द कुणाचा आहे, साहेब?"

"म्हणजे?"

"म्हणजे तलाव कुणी बघितला? अभियंते पोचले का?"

"निघालेत. रस्त्यात आहेत."

"मग ते बघतील तेव्हा म्हणू ना सुरक्षित."

साहेब चिडले नाहीत. ते समजावणीच्या सुरात बोलले, "मॅडम, धरण फुटल्याचा कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ आपल्या तलावाच्या नावानं फिरतोय. लोक पळतील. चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण?"

"आणि तलाव फुटला तर?"

"अभियंत्यांचा अहवाल येऊ द्या. तोपर्यंत तुम्ही काही बोलायचं नाही."

तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, ऐकलंत. बाहेर आल्यावर तुम्ही युसूफभाईला म्हणालात, "कन्नड." त्यानं फक्त एवढंच विचारलं, "रस्ता कटेला होगा मॅडम, चलेगा?" तुम्ही दार ओढून घेतलंत. मी गाडीत बसलो, कारण तुम्ही मला बस म्हणाला नव्हता आणि उतर असंही म्हणाला नव्हता.

वेरूळच्या पुढं रस्त्यावर पाणी होतं. तुम्ही सारखा निघालेल्या अभियंत्याला फोन लावत होता, तो लागत नव्हता. सरपंचाला फोन लागला तर तो म्हणाला, "ऑफिसचा मेसेज आलाय, तलाव सुरक्षित हाय. अन् पोरांच्या फोनवर व्हिडिओ हाय, तलाव फुटला. मी कोणतं खरं धरू?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही खोटं. मी येतेय."

गाव आलं तेव्हा अर्धी माणसं पाळीवर चढून मोबाईलवर शूटिंग करत होती आणि बाकीची घरात जेवत होती. तुम्ही आधी पाळीच्या बुडाशी गेलात. चिखलात चप्पल रुतली, ती तिथंच सोडली. पाणी खरंच चहासारखं होतं आणि व्हिडिओत दिसलं त्याहून पुष्कळ जास्त. तुम्ही परत फिरलात आणि अनवाणीच मंदिरातल्या भोंग्याच्या माईकपाशी गेलात. सरपंचानं मशिदीतही सांगितलं, की बाई बोलतात तेच तिकडूनही बोला.

तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे.

"मी शैलजा बोलते. जिल्ह्याच्या ऑफिसातून आले. तळ्याच्या पाळीतून गढूळ पाणी येतंय, ते मी आत्ता डोळ्यानं बघून आले. तळं फुटलेलं नाही. फुटंल का, ते आम्हाला माहीत नाही. बघणारी माणसं रस्त्यात आहेत. तोवर ओढ्याच्या बाजूची सगळी घरं रिकामी करा आणि शाळेच्या टेकडीवर चला. लेकरं अन् म्हातारी माणसं आधी. जनावरांची दावी सोडा. पाळीवर कुणी थांबू नका. मी इथंच आहे. दर अर्ध्या तासानं बोलणार आहे. सांगण्यासारखं काही नसलं तरी बोलणार आहे."

'आम्हाला माहीत नाही.' सरकारच्या माणसाच्या तोंडून भोंग्यावर हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मला वाटलं, आता पळापळ होणार.

झाली नाही. बायकांनी चुली विझवल्या. कुणी पिठाचा डबा घेतला, कुणी शेळी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. एक म्हातारा तुमच्याशी येऊन भांडला, की दरसाल पाझरतंय, काय नाय होत. तुम्ही म्हणालात, "नाही झालं तर उद्या मला शिव्या द्या. आज चला." तो शिव्या देतच चढला. अर्ध्या तासानं तुम्ही परत माईक धरलात, "मी शैलजा. नवीन काही नाही. इंजिनिअर घाटात अडकलेत. टेकडीवरून कुणी खाली येऊ नका." परत अर्ध्या तासानं, "मी शैलजा. अजून काही नाही." टेकडीवरची माणसं त्या 'काही नाही'ची वाट बघत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमचा आवाज आला की लोक बोलायचे थांबत, आणि ऐकून झालं की पुन्हा गप्पांना लागत.

अभियंते आले. जेसीबी आला. सांडवा उकरून खोल केला, पाळीच्या बुडाला वाळूची पोती लावली आणि पाणी ओढ्यानं वाहू लागलं. अंधार पडायच्या आत तळं बरंच उतरलं होतं. गढूळ पाणी आधी कमी झालं, मग थांबलं. अभियंता कपाळ पुसत म्हणाला, "मॅडम, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं." तुम्ही त्याला म्हणालात, "हे लेखी द्याल?" तो नुसता हसला.

तळं फुटलं नाही. आणि इथूनच तुमचे हाल सुरू झाले.

फुटलं असतं तर तुमचा सत्कार झाला असता, ताई. शाल, नारळ, पेपरात फोटो. फुटलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बातमी आली की अफवेमुळं गावात पळापळ झाली. आणि आपल्याच ऑफिसनं खुलासा काढला, की तलाव सुरक्षित होता, काही व्यक्तींनी अपुऱ्या माहितीच्या आधारे घबराट पसरवली. काही व्यक्ती म्हणजे तुम्ही. सरकारी बाईला सरकारनंच अफवा ठरवलं. मी तो खुलासा आणून तुमच्या टेबलावर आपटला. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "'अपुऱ्या माहितीच्या आधारे' हे खरं आहे. मी तेच भोंग्यावर सांगितलं होतं."

त्यानंतर कारणे दाखवा नोटीस आली. आणि नोटिशीच्या पाठोपाठ कैलास आला.

उंच, काळासावळा, पायात चिखल लागलेले बूट. तो सरळ आपल्या खोलीत घुसला आणि विचारलं, "भोंग्यावर बोलणारी बाई कोण?" तुम्ही उभ्या राहिलात. तो म्हणाला, "तळं फुटलं नाय. माझी माय मोडली." त्याच्या आईचं, सखूबाईचं, ट्रॉलीतून उतरताना कंबरेचं हाड मोडलं होतं. गर्दी होती, कुणीतरी घाई केली, म्हातारी खाली आली. तो जोरजोरात बोलत होता. शेजारच्या खोलीतली माणसं दारात गोळा झाली. मी मध्ये पडायला गेलो, तर तुम्ही हातानं मला बाजूला केलंत. एक शब्द बचावाचा बोलला नाहीत. त्याचं बोलून झालं तेव्हा तुम्ही विचारलंत, "आत्ता कुठं आहे आई?"

तुम्ही शहरातल्या सरकारी घाटी दवाखान्यात गेलात आणि नंतर ती घरी आल्यावर गावातही. मला दोनदा बरोबर नेलंत. सखूबाई खाटेवर होती, बोलायला तिखट. तिनं तुम्हाला नीट न्याहाळून पाहिलं. "तूच व्हय ती? आवाज लई मोठा वाटला हुता. मला वाटलं, बाई पण मोठी आसंल."

तुम्ही तिच्या उशाशी बसलात. ती म्हणाली, "मला पोरानं उचलून ट्रालीत टाकलं, गाठुडं टाकतात तसं. म्या म्हणत हुते, मी चालत येते. कुणी ऐकंना. तू बोलली ना, म्हातारी मान्सं आधी. मंग काय." आणि थोड्या वेळानं, जणू पहिल्यांदाच विचारतेय तसं, "फुटलं का मंग ते?"

"नाही, आजी."

"फुटलं आस्तं तर माझं मोडणं कामी तरी आलं आस्तं."

ती हसली. कैलास दारातून उठून बाहेर गेला. तुम्ही हसला नाहीत.

परतताना वेरूळला चहाला थांबलो. युसूफभाई टायर बघत होता. तुम्ही कप हातात धरून बसलात आणि म्हणालात, "विष्णू, 'म्हातारी माणसं आधी' म्हणाले मी. कशी न्यायची ते नाही सांगितलं. खाटेसकट न्या, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणालो की यात तुमची चूक नाही. ट्रॉलीत घाई तुम्ही केली नव्हती.

"माझ्या आवाजानं ती ट्रॉलीत चढली." मग रस्त्याकडं बघत तुम्ही ते बोललात जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. "आजी बोलली ना, फुटलं असतं तर, तेव्हा मलाही क्षणभर तेच वाटलं. फुटलं असतं तर बरं झालं असतं. शेतं, घरं, सगळं वाहून गेलं असतं, पण मी बरोबर ठरले असते. असलं मनात येतं का रे माणसाच्या?"

त्याचं उत्तर मला आज सुचतंय. येतं, ताई. ज्याला एकट्याला खरं बोलावं लागलं आणि मग एकट्याला सोडलं, त्याच्या मनात येतं. ते तुमच्या मनात येण्याची पाळी ज्यांनी आणली, त्यांच्या मनात मात्र काहीच आलं नाही. ते साहेब बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि तिथं प्रमुख पाहुणे म्हणून आपत्ती व्यवस्थापनावर भाषणं देतात.

सखूबाई त्या हिवाळ्यात गेली. तुम्ही मातीला गेलात. गावानं तुम्हाला काय म्हटलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

माझा खरा राग यानंतरचा आहे, आणि तो तुमच्यावर आहे. माझ्याकडं सगळं होतं. गढूळ पाण्याचे व्हिडिओ, जेसीबी, पोती, अभियंत्याचं बोलणं. मी म्हणालो, पेपरवाल्यांना देऊन टाकतो. नोटिशीनंतरच्या चौकशीत मी तुमच्या बाजूनं बोललो होतो, पण चौकशीची फाईल कोण वाचतं? तुम्ही म्हणालात, "नाही द्यायचं."

"का?"

"मग लोक दोन आवाज ऐकतील. एक ऑफिसचा, एक माझा. ऑफिस खोटं बोलतं असं एकदा त्यांच्या डोक्यात बसलं की पुढच्या पावसाळ्यात ऑफिसचा मेसेज आला तर कुणी उठणार नाही. आणि तेव्हा मी इथं नसेन."

"लोकांच्या डोक्यात ते कधीच बसलंय, ताई. लोक ऑफिसवर विश्वास ठेवत नाहीत. माणसावर ठेवतात."

"म्हणूनच ऑफिसवर ठेवायला शिकवायचं. माणूस बदलून जातो, मरतो. भोंगा तिथंच राहतो."

"भोंग्यावर खोटं बोलणारे पण तिथंच राहतात."

असं आपण कितीदा बोललो. शेवटी तुम्ही म्हणायच्या, "तू पाचोडचा आहेस, आठवडी बाजारातला माणूस. तुला समोर दिसणाऱ्याचंच खरं वाटतं." आणि मी म्हणायचो, "तुम्ही मोंढ्याच्या. तुम्हाला वाटतं मोठ्यानं बोललं की भाव मिळतो." हसून विषय संपायचा, पण वाद संपायचा नाही. तुमची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली, तरी जेवणाच्या सुट्टीत मी तिथं यायचो आणि आपण तोच वाद पुढं चालवायचो. खिडकीला जाळी, पंख्याचा खडखडाट, आणि जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आवाज त्या खोलीत बसून रजिस्टरांवर नंबर टाकत होता. हे बघून मला जेवण जायचं नाही. तुम्ही मात्र माझ्याच डब्यातली भाजी संपवायच्या.

आणि मग हे झालं. तुम्ही घरात ओट्यापाशी कोसळलात. मेंदूत रक्तस्राव. दाजींनी मला फोन केला, तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. मी दवाखान्यात पोचलो तर ते बाकावर बसले होते, हातात तुमचा चष्मा. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? ते म्हणाले, "प्रकृती स्थिर आहे म्हणतात. काळजीचं कारण नाही म्हणतात. पण आत सोडत नाहीत."

ताई, मला तिथं ओरडावंसं वाटलं. 'स्थिर', 'काळजीचं कारण नाही' ही आपलीच भाषा आहे. आपण ती जिल्हाभर वाटली आणि ती फिरून तुमच्याच दारात आली. एक मोठे डॉक्टर आले, त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत तेच बोलले. मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा ना. त्यांच्या मुलीला पुण्याहून बोलवायचं का नाही, एवढंच ठरवायचंय." ते रागावून निघून गेले. त्यांच्या मागं एक तरुण डॉक्टरीणबाई होती, ती थांबली. ती दाजींच्या समोर खाली बसली आणि म्हणाली, "काका, त्या वाचतील का हे आम्हाला आत्ता माहीत नाही. मला तरी चांगलं चिन्ह दिसत नाही. मुलीला आजच बोलवा."

दाजी रडले. मग त्यांनी डोळे पुसले आणि मुलीला फोन लावला. मुलगी आली, तुमचा हात धरून बसली, आणि नंतर तुम्ही गेलात. ते शेवटचे काही तास तिला मिळाले. कुणीतरी खरं बोललं, म्हणून मिळाले. पहिल्या दिवसापासून तुमच्याशी भांडलो मी त्या एका गोष्टीवर, की 'माहीत नाही' हे सरकारनं बोलायचं वाक्य नव्हे. त्या बाकावर बसून कळलं की बाकी सगळ्यात मी तुमच्याशी भांडत राहीन, यात नाही. पण हे सांगायला आत सोडत नव्हते.

काल तुमच्या घरी बसायला गेलो होतो. माणसं येत-जात होती. कैलास आला. मी त्याला लगेच ओळखलं नाही, केस पिकलेत. तो दाजींना भेटला आणि कोपऱ्यात चटईवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "आता पंचाईत झाली."

"काय झालं?"

"गेल्या पावसाळ्यात तुमच्या हापिसाचा मेसेज आला हुता. पाणी लई चढलं, वढ्याकाठची घरं सोडा म्हून. गावातलं कुणी उठंना. समदे मला म्हणत, मॅडमला विचार. म्या फोन लावला."

"ताईंना? त्या तर तेव्हा फायलींच्या खोलीत होत्या."

"असतील. मला काय माहीत? त्या म्हणल्या, थांब. पाच मिंटांनी त्यांचाच फोन आला. म्हणल्या, मेसेज खरा हाय, इंजिनिअरशी बोलले, निघा. खाटेसकट न्या म्हाताऱ्यांना. मंग निघालो." त्यानं पुढं सांगितलं, "मायची माती झाल्यापासून त्या दर पावसाळ्यात फोन करायच्या. पाळ कशीय, पाणी कसंय. माझा राग कवाच गेला हुता. त्यांचा त्यांच्यावरचा नाय गेला."

हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत. इतकी वर्षं माझ्या डब्यातली भाजी खात वाद घातलात, ऑफिसवर विश्वास ठेवायला शिकवायचं म्हणालात, आणि पाठीमागं स्वतःच्या फोनवरून ऑफिसचा मेसेज खरा आहे म्हणून साक्ष देत बसलात. ज्या ऑफिसनं तुम्हाला अफवा म्हटलं, त्याच ऑफिसची साक्ष. मला त्या चटईवर बसल्या बसल्या तुमच्याशी असं कडाडून भांडायचं होतं, ताई.

कैलास म्हणाला, "आता मेसेज आला तर खरा का खोटा, कुणाला विचारायचं?"

मी त्याला माझा नंबर दिला. तो म्हणाला, "उचलताल ना? का साहेबाला विचारून सांगतो म्हणताल?"

"उचलीन," मी म्हणालो. "माहीत असलं तर सांगीन. नसलं तर नाही म्हणीन."

त्यानं नंबर फोनमध्ये घातला. नाव टाकताना जरा अडखळला. माझं नाव त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. ऑफिसचं नावही टाकलं नाही. मी वाकून पाहिलं. त्यानं लिहिलं होतं, 'मॅडमचा माणूस'.

म्हणजे आपला वाद मी जिंकलो, ताई. लोक माणसावरच विश्वास ठेवतात, मी म्हणत होतो तेच खरं निघालं. आता हे सांगू कुणाला?